अण्णांची रेघ

संस्थेच्या मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या वर्णपटलेखकातील विवर्तन जालकाची कामगिरी सुधारण्यात यावी, असा ठराव नियामक मंडळाने सर्वानुमते मंजूर केला. सर्वानुमते झाला, कारण ठरावाचा अर्थ काय हे विचारायला कुणी धजावले नाही. मतभेद व्हायला विषय थोडा तरी कळावा लागतो.

विवर्तन जालक हे कागदावरचे नाव. रोज त्याच्याशी झटापट करणारे त्याला नुसते ग्रेटिंग म्हणत. ग्रेटिंग म्हणजे आरशासारखी चकचकीत काच, आणि तिच्यावर हिऱ्याच्या टोकाने मारलेल्या, एकीला एक खेटून बसलेल्या बारीक रेघा. इतक्या बारीक की नखाएवढ्या जागेत हजारो मावाव्यात. जुनी सीडी उन्हात तिरकी धरली की तिच्यावर रंग खेळतात ना, ती हिची चुलत बहीण. ताऱ्याचा प्रकाश या काचेवर पडतो, रंगारंगांत उलगडतो, आणि त्या रंगीत पट्ट्यात कुठेकुठे उजळ रेघा दिसतात. कोणती रेघ कुठे बसली आहे यावरून तारा कशाकशाचा बनला आहे ते समजते.

आता जुन्या ग्रेटिंगची गोष्ट अशी, की तिच्यावर पडलेला निम्म्याहून जास्त प्रकाश भलतीकडेच जाई. मंडळी, क्षणभर विचार करा. आपले खापरपणजोबा रांगत होते तेव्हा एक किरण देवाच्या दारातून निघाला. वाटेत कुठे टेकला नाही, कुणाला विचारले नाही, कुठल्या ढगात अडकला नाही. आणि शेवटच्या वितीवर, नेमका आमच्या खोलीत येऊन, यंत्राच्या काळ्या भिंतीत विरून गेला. पाहुणा उंबऱ्याशी आला आणि आपण दार लावून घेतले, असेच हे. साध्या भाषेत याला पाप म्हणतात. मंडळाने त्याला ‘अपेक्षित कार्यक्षमतेतील तूट’ म्हटले.

ही तूट भरून काढण्यासाठी एक अभियंता बाई नेमण्यात आल्या. नेमणूक हंगामी होती. अट सरळ होती: नवी ग्रेटिंग तपासणीत उतरली की बाई कायम, नाही उतरली की बाई मोकळ्या. नवऱ्याची नोकरी परगावी, आज इथे तर उद्या तिथे. घर चालायचे ते बाईंच्या पगारावर. तेव्हा त्या काचेवर नुसत्या रेघा नव्हत्या, घराचे पुढचे दिवस आखलेले होते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. या बाई म्हणजे अण्णांच्या सून.

अण्णा म्हणजे रेघेचे अण्णा. तरुणपणी त्यांनी याच संस्थेत, याच दुर्बिणीतून, एका ताऱ्याच्या वर्णपटात एक नवीच रेघ शोधून काढली होती. हायड्रोजनची एक ठळक रेघ, आणि तिच्या डाव्या अंगाला, लाजून मागे उभ्या राहिलेल्या नव्या नवरीसारखी, ही फिकट रेघ. पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. म्हणजे मूलद्रव्यच नवे. संस्था तेव्हा दोन खोल्यांची होती. रेघ सापडली आणि संस्थेला मजले फुटले. रेघ विभाग निघाला, रेघेच्या इतिहासाचा विभाग निघाला, रेघेचे भवितव्य ठरवणारे एक मंडळ निघाले. संस्थेच्या बोधचिन्हात एक जाड आणि एक बारीक अशा दोन रेघा आल्या. त्याच पत्रांवर, चहाच्या कपांवर आणि जिन्याच्या कठड्यावरही. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच वेधशाळेला ही रेघ आजवर दिसली नव्हती. त्यांनी तसे कळवले, तेव्हा संस्थेने त्यांना त्यांच्या उपकरणांबद्दल सहानुभूतीचे पत्र पाठवले.

बाईंनी कामाला हात घातला. ग्रेटिंगवर रेघा मारायचे यंत्र तळघरात असते आणि ते फार नाजूक मनाचे असते. एकदा सुरू झाले की दिवसचे दिवस चालते, आणि तेवढा काळ त्या खोलीत कुणी जायचे नाही. का? तर माणसाच्या अंगाच्या उबेनेसुद्धा काच फुगते आणि रेघ हलते. बाई दाराबाहेर मोजे घालून चालत. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकवायला बंदी केली. संचालकांना मात्र पाहुणे घेऊन आत जायचे होते.

“पाचच मिनिटं,” संचालक म्हणाले. “नुसते उभे राहतील, फोटो काढतील.”

“सर, माणूस उभा राहिला तरी गरम असतो.”

“हे पाहुणे तसे थंड स्वभावाचे आहेत.”

“सर, रेघ बिघडली तर पहिल्यापासून सगळं.”

संचालक माणूस म्हणून गोड होते. पाहुण्यांना त्यांनी बंद दारासमोर उभे केले आणि दाराचा फोटो काढला. तो पुढे वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापून आला.

ग्रेटिंग तयार झाली, दुर्बिणीला बसवली, त्याच ताऱ्याकडे वळवली. सकाळी निकाल पडद्यावर आला. प्रकाश जुन्याच्या दुप्पट. रेघा अशा लखलखीत, जणू कुणी नुकत्याच घासून, विसळून, फळीवर उपड्या घातल्या आहेत. बाईंचा ऊर भरून आला. मग त्यांनी अण्णांची रेघ शोधली.

रेघ नव्हती.

बाईंनी चष्मा पुसला. मग पडदा पुसला. मग त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

झाले होते ते असे. जुनी ग्रेटिंग ज्या यंत्रावर झाली त्यात एक लांब स्क्रू होता. तो फिरला की काच किंचित पुढे सरके आणि पुढची रेघ मारली जाई. त्या स्क्रूला एके ठिकाणी डोळ्याला न दिसणारा उंचवटा होता. दर फेरीला तिथे तो अडखळायचा, आणि दर फेरीला तिथली रेघ तेवढीच चुकायची. चूक एकदाच झाली तर प्रकाश ती पोटात घालतो. पण तीच चूक नेमाने, वक्तशीरपणे, पुन्हा पुन्हा होत राहिली, तर प्रकाश तिलाही मान देतो, आणि ठळक रेघेच्या शेजारी एक खोटी, फिकट रेघ उमटते. माणसांतही असेच चालते, पण आपला विषय ग्रेटिंगचा आहे. या धंद्यात अशा रेघेला भूत म्हणतात. भुते जोडीने येतात, ठळक रेघेच्या दोन बाजूंना एकेक. अण्णांच्या वेळी ठळक रेघ चित्राच्या उजव्या कडेला आलेली, त्यामुळे उजवीकडचे भूत कडेबाहेर पडले, आणि डावीकडच्याची कीर्ती झाली.

नव्या यंत्राच्या स्क्रूला उंचवटा नव्हता. ग्रेटिंगची कामगिरी सुधारली होती. तिथेच बिघडले.

तपासणी गुणवत्ता अधिकाऱ्यांकडे होती. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण करताना त्यांची जीभ किंचित बाहेर यायची. सगळे त्यांना खूणसाहेब म्हणत. ते भराभर खुणा करत खाली आले आणि थांबले.

“बाई, प्रकाश दुप्पट आलाय, अभिनंदन. पण पहिली अट बघा. ‘नव्या जालकातून जुन्या जालकापेक्षा कमी दिसता कामा नये.’ इथं एक रेघ कमी दिसतेय.”

“साहेब, ती रेघ ताऱ्यात नाहीच. जुन्या यंत्राची चूक होती ती.”

“असेल. पण जुन्यातून दिसायची ना?”

“दिसायची.”

“आणि नव्यातून?”

“नाही दिसत.”

“मग नवी ग्रेटिंग कमी दाखवते. यात मी चुकीचं काय बोललो, सांगा.”

“कमी नाही साहेब. खरं दाखवते.”

खूणसाहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत शांतपणे पाहिला. “खरं असा रकाना नाहीये, बाई.”

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा अण्णा दारातच उभे होते. नवी ग्रेटिंग बसल्यापासून ते रोज असेच उभे राहत, शाळेच्या निकालाच्या दिवशी बाप उभा राहतो तसे.

“सूनबाई, आली का आमची रेघ?”

“तपासणी चाललीय, अण्णा.”

“दुप्पट प्रकाशात चांगली ठसठशीत येईल.”

“अहो, तिला आत तर येऊ द्या,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “लग्न झाल्या दिवसापासून ऐकतेय, माझी रेघ, माझी रेघ. या घरात दोन पोरं वाढली. त्यांची उंची मोजून भिंतीवर एक रेघ मारायला यांना कधी सवड झाली नाही.”

“त्यांची उंची सगळ्यांनाच दिसत होती,” अण्णा म्हणाले.

बाई हसल्या आणि जेवायला बसल्या. ताटातली भाकरी तशीच राहिली. सासूबाईंनी ते पाहिले. नुसती वाटी भरून ठेवली.

प्रकरण संचालकांकडे गेले. त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे, म्हणून ते समिती नेमत. समितीने पहिल्याच बैठकीत मुळाला हात घातला. जुनी ग्रेटिंग नामांकित, नवी ग्रेटिंग उत्तम, दोघींवर संशय घेणे बरे दिसत नाही. राहता राहिला तारा.

“ताराच अलीकडे बदलला असणार,” अध्यक्ष म्हणाले.

“सर, जुनी ग्रेटिंग परत लावून काल पाहिलंय मी. तिच्यातून रेघ अजून दिसते. तारा तोच, वेळ तीच.”

“म्हणजे जुनीशी एक वागतो आणि नवीशी दुसरं,” अध्यक्षांनी मान हलवली. “अशा ताऱ्यावर किती विसंबायचं ते बघावं लागेल.”

ताऱ्याविषयी उपसमिती नेमण्यात आली. ताऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय नसल्याने चौकशी एकतर्फी करावी, असेही ठरले.

बाईंच्या मनात आले, आता डोळ्यांनी दाखवल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी समितीला प्रयोगशाळेत बोलावले. टेबलावर हायड्रोजनचा साधा दिवा लावला. ताऱ्याच्या जवळपासही न गेलेला, कपाटात वाढलेला दिवा. त्याचा प्रकाश जुन्या ग्रेटिंगवर टाकला. ठळक रेघ उमटली, आणि तिच्या डाव्या अंगाला, जिथल्या तिथे, अण्णांची रेघ.

“बघा सर. या दिव्यात तर ते मूलद्रव्य नाही ना? म्हणजे रेघ ताऱ्यात नाही, दिव्यात नाही, ती या काचेतच आहे.”

संचालकांचे डोळे पाणावले.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही काय केलंत, तुम्हाला कळतंय का? ते मूलद्रव्य तुम्ही पृथ्वीवर शोधून काढलंत.”

“सर, नाही, मी म्हणतेय…”

“विनय नको. इतकी वर्षं जे आकाशात शोधलं ते आपल्या कपाटात निघालं.”

बाईंनी घाईघाईने सोडियमचा दिवा लावला. पिवळ्या ठळक रेघेच्या दोन्ही अंगांना एकेक फिकट रेघ उमटली. “बघा, इथं हायड्रोजनही नाही, तरी भूत आहेच. जिथं ठळक रेघ तिथं भूत.” अध्यक्षांनी नोंद घ्यायला लावली की, या मूलद्रव्याला एकूण तीन रेघा असून त्यांपैकी दोन पिवळ्या आहेत. बाईंनी काकुळतीला येऊन छताकडच्या ट्यूबलाइटचा प्रकाश घेतला. त्यातही आणखी सापडल्या. यानंतर बाईंनी प्रयोग करणे थांबवले, कारण दर प्रयोगागणिक शोध वाढत चालला होता.

समितीचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता. सदर मूलद्रव्य ताऱ्यात आहे, दिव्यात आहे, संस्थेच्या प्रत्येक खोलीत आहे. ते केवळ नव्या ग्रेटिंगला दिसत नाही. सबब नवी ग्रेटिंग सदोष.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या घरी संस्थेकडून एक भला मोठा पुष्पगुच्छ आला. सोबत संचालकांची चिठ्ठी होती: रेघ आता हायड्रोजनच्या दिव्यातही सापडली, आपले मनःपूर्वक अभिनंदन.

अण्णांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली. बाई कामावर निघायच्या तयारीत होत्या, त्या चपला घालता घालता थबकल्या.

“दिव्यात?” अण्णांनी विचारले.

“हो.”

“त्याच जागी?”

“त्याच जागी, अण्णा.”

अण्णांनी पुष्पगुच्छ हलकेच खुर्चीवर ठेवला, झोपलेले मूल ठेवावे तसा.

“स्क्रू,” ते म्हणाले.

“हो अण्णा. स्क्रू.”

“नव्या ग्रेटिंगमध्ये नाहीच आली ना?”

“नाही.”

“आणि तू इतके दिवस एकटीच हे घेऊन बसलीस. वेडी कुठली.”

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “काय झालं हो?”

“काही नाही. रेघ गेली.”

सासूबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्यांना सगळे समजले, ग्रेटिंग सोडून. “जाऊ दे,” त्या त्यांच्याशेजारी बसत म्हणाल्या. “आता माळ्यावरची ती रेघेच्या कागदांची खोकी तरी निघतील. आणि गेली तर सुनेच्या हातून गेली, परक्याच्या नाही.”

अण्णा हसले. मग उठले, इस्त्रीचा सदरा चढवला आणि सुनेबरोबर संस्थेत गेले. त्यांना एकच गोष्ट हवी होती. माझी रेघ मी मागे घेतो, नवी ग्रेटिंग निर्दोष आहे, तिला पास करा आणि पोरीला कायम करा.

संचालक उभे राहिले, अण्णांना आपल्या खुर्चीत बसवले, स्वतःच्या हाताने चहा दिला. कपावर दोन रेघा होत्या.

“अण्णा, शोध मागे घ्यायची आपल्याकडे तरतूद नाही.”

“मीच लावला होता ना?”

“लावलात. पण कामाच्या वेळेत लावलात. म्हणजे तो संस्थेचा. घरी, सुट्टीच्या दिवशी लावला असतात तर गोष्ट वेगळी होती.”

“अहो, पण चूक माझी आहे. मी ती कबूल करतोय.”

आता खूणसाहेब पुढे झाले. “अण्णा, आपण निवृत्त आहात. निवृत्तांना आठवणी सांगता येतात. चूक कबूल करण्याचा अधिकार फक्त सेवेत असलेल्यांना.”

“मग सेवेतल्या कुणीतरी करा.”

“सेवेत असताना कोण करणार, अण्णा?” खूणसाहेबांनी हे इतक्या आपुलकीने विचारले की अण्णांना चहाचा घोट घ्यावा लागला.

अण्णांनी सगळे सविस्तर, फळ्यावर आकृती काढून समजावले. सगळ्यांनी ते उभे राहून ऐकले. शेवटी टाळ्या झाल्या. संस्थेच्या पत्रिकेत ‘थोर शास्त्रज्ञाचा विनय’ या मथळ्याखाली वृत्तान्त आला: आयुष्यभराचा शोध आपला नव्हेच असे म्हणण्याइतके मोठे मन आज कुणाकडे आहे? रेघेविषयी कुणाच्या मनात थोडी शंका उरली असेल, तर तीही त्या दिवशी फिटली.

त्यानंतर कामगिरी सुधारणेचा दुसरा टप्पा जाहीर झाला. त्याचे उद्दिष्ट एका वाक्यात होते: नव्या ग्रेटिंगची प्रकाशक्षमता कायम राखून तिच्यात पूर्वीची रेघ पुनःस्थापित करणे.

“म्हणजे मी मुद्दाम चूक करायची?” बाईंनी विचारले.

“चूक हा शब्द टप्प्यात कुठेही नाही,” संचालक म्हणाले.

“सर, पण ती नेमकी तेवढीच चुकायला हवी. किंचित जास्त चुकली तर रेघ ठळक होईल, किंचित कमी चुकली तर दिसणार नाही. सरळ रेघ मारण्याहून हे अवघड आहे.”

“म्हणूनच तर तुमच्याकडे आलोय.”

“जुना स्क्रू मिळेल?”

जुना स्क्रू संस्थेच्या दर्शनी दालनात, काचेच्या पेटीत, मखमलीवर ठेवलेला होता. ज्या स्क्रूने रेघ दिली त्याचा मान म्हणून तो दर आठवड्याला बाहेर काढून मऊ कापडाने घासला जाई. बाईंनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. इतक्या वर्षांच्या भक्तिभावाने तो उंचवटा घासून सपाट झाला होता. संपूर्ण इमारतीत आता एकही चूक शिल्लक नव्हती. ती नव्याने घडवणे भाग होते.

बाई घरी आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “अण्णा, मी राजीनामा देते.”

“देऊन?”

“निदान खोटी रेघ तरी मारावी लागणार नाही.”

“तू नाही मारलीस तर कोण मारेल?”

“ते दुसरं कुणीतरी आणतील.”

“तेच म्हणतो मी.” अण्णा खुर्चीत सावरून बसले. “तो दुसरा कुणीतरी माझी रेघ भलतीकडेच काढेल. वाकडीतिकडी, जाडजूड. लोक म्हणतील, अण्णांची रेघ ही असली? नको. काढायचीच असेल तर तू काढ.”

“तुम्हीच तर म्हणालात ती नव्हतीच.”

“नव्हतीच. म्हणून तर नीट काढ. असलेली गोष्ट थोडी इकडेतिकडे झाली तरी खपते.”

सासूबाई भाजी चिरत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “आणि पोरी, देवाला काय दिसायचं ते दिसतंच आहे. त्याच्यासाठी ग्रेटिंग लागत नाही. तू पगार आण.”

बाईंनी रेघ काढली. त्यासाठी संस्थेने इतके काटेकोर यंत्र बनवून घेतले की तसे दुसरे कुठे नव्हते. त्याचे एकमेव काम ठराविक जागी ठराविक मापाने चुकणे हे होते. या वेळी बाई दाराबाहेर मोज्यांनी चालल्या नाहीत. चपला घालून, पाय आपटत चालल्या. पण यंत्र आता इतके पक्के होते की ढळले नाही, आणि चूक तसूभरही चुकली नाही.

तपासणी झाली. प्रकाश दुप्पट होता, त्यामुळे भूतही दुप्पट उजळ आले. खूणसाहेबांनी सगळ्या रकान्यांत खुणा केल्या. बाईंना कायम करण्यात आले आणि त्रुटी-अचूकता हा नवा विभाग त्यांच्या हाताखाली देण्यात आला. मग बाहेरच्या वेधशाळांची पत्रे येऊ लागली. तशी ग्रेटिंग त्यांनाही हवी होती. संस्थेने ती पुरवली. काही दिवसांतच एकामागून एक वेधशाळांनी कळवले की, अखेर त्यांनाही रेघ दिसली. स्वतंत्र पडताळणी म्हणतात ती हीच.

निर्दोष ग्रेटिंगच्या मागच्या बाजूला ‘निकामी’ असा शिक्का बसला. निकामी वस्तू आवारात ठेवता येत नाही, असा नियम आहे. बाई ती फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आल्या.

अण्णांनी बैठकीच्या खोलीतल्या पडद्याला सुरीने एक अरुंद चीर पाडली. सासूबाई त्या पडद्यावरून दोन दिवस कुरकुरत होत्या. सकाळचे ऊन त्या चिरेतून आत येते, ग्रेटिंगवर पडते, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत एक अखंड पट्टा उतरतो. त्यात जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. अण्णा सकाळी त्याच्यासमोर बसतात. एका सकाळी त्यांनी सासूबाईंनाही बोलावून बसवले. त्या पदर सावरून बसल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, “एवढं सगळं रोज आपल्या दारात येत होतं?” मग त्यांनी भिंतीला हात जोडले, आणि पडद्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

संस्थेचा खुला दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आला होतात. रांग फाटकाबाहेर गेली होती. उन्हात उभे राहून तुम्ही रेघ पाहिलीत, दोन रेघांचा कप घेतलात, आणि परत जाताना कुणीतरी म्हणाले की अण्णा जवळच राहतात. मोठ्या माणसाला भेटून जावे म्हणून तुम्ही मुलांना घेऊन त्यांच्या घरी गेलात. चपला बाहेर काढल्यात, वाकून नमस्कार केलात. अण्णांना किती आनंद झाला. त्यांनी तुम्हाला भिंतीसमोर बसवले.

“नीट बघा,” ते म्हणाले. “हे खरं. यात ती रेघ नाहीये. ती कधीच नव्हती. तुम्हीच सांगा, दिसते का कुठं?”

तुमच्या धाकट्याने प्रामाणिकपणे मान हलवली. तुम्ही त्याला कोपराने ढोसलेत. म्हातारा माणूस, आयुष्यभराची कमाई, आपल्या तोंडून नाही कसे म्हणायचे? सुनेसमोर, बायकोसमोर? तुम्ही पुढे झुकलात, डोळे बारीक केलेत, आणि अगदी मनापासून म्हणालात, “आहे की, अण्णा. ती काय, निळ्याच्या अंगाला. आम्हाला छान दिसतेय.”

अण्णांनी तुमच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. होते ते थोडेसे नवल.

“कमाल आहे तुमची,” ते म्हणाले. “मला फसवायला निदान एक मशीन लागलं होतं.”